दम घ्या, अताके

शायलोबेकच्या घरात सुनांना ‘थांब’ म्हणता येत नसे.

त्याच्या थोरल्या भावाचं नाव तोक्तोसुन. ‘तोक्तो’ म्हणजे थांब. तोक्तोसुनच्या आधीची तीन मुलं पाळण्यातच गेली होती, म्हणून चौथ्याचं नावच आईबापांनी असं ठेवलं, की बाबा, तू तरी थांब. तो थांबला. सहा वर्षांनी धाकटा झाला तो नेमका मतदानाच्या दिवशी, म्हणून तो शायलोबेक, निवडणुकीचा बेक, म्हणजे सरदार. पुढे दोघांची लग्नं झाली, मुलांची झाली, आणि घरात आलेल्या प्रत्येक सुनेच्या तोंडून तो एक शब्द कायमचा गेला. सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं. नावासारखा वाजणारा शब्दसुद्धा नाही. मग त्या ‘दम घे’ म्हणत. वासराला दम घे, उतू जाणाऱ्या दुधाला दम घे, भांडणाऱ्या पोरांना दम घ्या रे. शायलोबेकची सून बेगायिम लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिनं नारीन शहराहून येताना मिनीबसवाल्याला सांगितलं, “भाऊ, पुलापाशी दम घ्या.” त्यानं आरशातून तिच्याकडे बघितलं. “का? मी काय पळत आलोय?” म्हणाला, आणि गाडी पुलाच्या पुढे दोन किलोमीटर नेली.

तोक्तोसुन सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेला. पहाटे मेंढ्या सोडायला उठला, बूट चढवताना बाकावरच कलंडला. तेव्हा शायलोबेक न्यूमोनियानं तालुक्याच्या दवाखान्यात होता, नाकात नळी घालून. त्याला कोणी सांगितलं नाही. बारा दिवसांनी घरी आणल्यावर त्याची बायको सायराकुल हिनं आधी त्याला चहा दिला, पाठीला उशी दिली, आणि मग सांगितलं. त्यानं चहाची वाटी उपडी घातली. रडायला त्याला श्वास पुरला नाही. नुसते खांदे हलत राहिले.

बावीस वर्षं तो कोळशाच्या खाणीत होता. खाण बंद पडून पंचवीस वर्षं झाली, पण खाणीतली धूळ त्याच्या छातीतून बाहेर पडली नव्हती. घरापासून गोठा चाळीस पावलं. तेवढ्यात तो दोनदा उभा राही, आणि कोणी बघत असेल तर कुंपणाची दोरी तपासल्यासारखं करी.

आता प्रश्न होता चाळिसाव्याचा, चाळिसाव्या दिवसाच्या विधीचा. थोरल्याचं घर वरच्या वाडीत. चाळिसाव्यासाठी घराच्या वरच्या सपाटीवर पुन्हा यूर्त, मयतासाठीचा लोकरीचा गोल तंबू, उभारणार होते. मयताच्या घरी पुरुष पहिल्यांदा येतो तेव्हा फाटकाशीच गाडीतून, घोड्यावरून उतरतो आणि तिथून यूर्तपर्यंत मोठ्यानं टाहो फोडत चालत जातो. यूर्तच्या बाहेर काठ्यांवर रेललेले घरचे पुरुष त्याला टाहोनंच उत्तर देतात. जोवर हे होत नाही तोवर तो माणूस आलाच नाही असं धरतात. फोनवर रडलेलं धरत नाहीत.

थोरल्याचा मुलगा रिसबेक निरोप घेऊन आला. चाळिशी उलटलेला, रुंद खांद्यांचा, काकासमोर मात्र हात छातीशी घेऊन बसणारा.

“काका, जीप थेट यूर्तच्या दारापर्यंत आणतो मी. शेतातनं. जमीन कडक झालीये आता. कोणी काही म्हणणार नाही.”

“जीपमध्ये बसून रडतात का रे?”

“मग नुसते या. कुराण वाचू. सगळ्यांना माहितीये तुमचं.”

“काय माहितीये?”

रिसबेकनं छातीवरचे हात आणखी घट्ट धरले.

“सगळा तालुका येऊन रडून गेला,” शायलोबेक म्हणाला. एक वाक्य, मग श्वास. “पशुवैद्यसुद्धा रडून गेला. सख्खा भाऊ राहिलाय.” पुन्हा श्वास. “चालत येईन. सांग तुझ्या आईला.”

रिसबेक गेल्यावर सायराकुल म्हणाली, “चालत जाणार म्हणे! फाटकाशी पोचाल, तिथेच दुसरी यूर्त मारावी लागेल, तुमच्यासाठी.”

बेगायिम दाराशी बसून चहा ओतत होती. तिच्या हातून अर्धी वाटी भरायची राहून गेली.

बिश्केकला तिनं पाच वर्षं शरीरशास्त्र आणि व्यायामोपचार शिकले होते. तिचा प्रबंध होता लांब पल्ल्याच्या पळणाऱ्या मुलींवर: श्वासाची लय पावलांशी बांधली तर दम लागणं आणि थकवा यांत काय फरक पडतो. एकोणीस मुली, दोन उन्हाळे. तिचा नवरा उलान रशियात बांधकामावर होता आणि ती तालुक्याच्या दवाखान्यात आठवड्यातले तीन दिवस जाई. गावात तिच्या शिक्षणाला एकच नाव होतं, ‘मालिशवाली’. सासूचं त्याहून वेगळं मत होतं: “पाच वर्षं राजधानीत राहून शिकली काय, तर श्वास घ्यायला! ते तर मूल दाई न सांगता शिकतं.”

दुसऱ्या दिवशी बेगायिम वरच्या वाडीत जाऊन फाटकापासून सपाटीपर्यंत पावलं मोजून आली. एकशे ऐंशी. चढ चार मजली इमारतीएवढा. तिनं सासूला गाठलं. सासूला ती आपा म्हणे, सासऱ्याला अताके.

“आपा, अताकेंना मी तयार करू शकते. चोवीस दिवस आहेत.”

“फुप्फुस नवं बसवणार आहेस?”

“नाही. फुप्फुस आहे तसंच राहील.”

“मग काय करणार?”

“त्यांना श्वास सोडायला शिकवणार.”

सायराकुल तिच्याकडे बघतच राहिली. मग हसली, पण डोळ्यांत हसू नव्हतं. “जा, विचार त्यांना. माझ्या तोंडून नको. मला हसू आवरायचं नाही.”

सुनेनं सासऱ्याला काही शिकवायचं म्हणजे मोठीच पंचाईत. त्याच्याकडे सरळ बघायचं नाही, त्याच्याकडे पाठ करायची नाही, आवाज चढवायचा नाही. पोटाला हात लावून श्वास कुठे जातोय ते दाखवण्याची तर बातच सोडा. पळणाऱ्या मुलींच्या बरगड्यांवर ती बेधडक पंजा टेकवायची. इथे तिनं अर्धा किलो कुरुतची पिशवी आणली, आंबट चक्क्याच्या वाळवलेल्या गोळ्यांची, आणि सासूच्या हातून ती सासऱ्याच्या पोटावर ठेववली.

“अताके, श्वास घेताना पिशवी वर आली पाहिजे. छाती नको.”

पिशवी जागची हलली नाही. छाती मात्र भात्यासारखी वरखाली होत होती, गळ्याच्या शिरा दोरखंडासारख्या ताणलेल्या.

“हवा येत नाही,” तो म्हणाला. “किती ओढली तरी.”

“येत नाही, कारण आतली बाहेर गेलेली नाही.” ती जमिनीकडे बघत बोलत होती. “घर पाहुण्यांनी भरलंय, अताके, आणि तुम्ही दारात उभं राहून आणखी पाहुण्यांना हाका मारताय. आधी आतल्यांना निरोप द्या. तुमच्या नळ्या मऊ झाल्यात. जोरात सोडलं की त्या मिटतात, हवा आत कोंडते. म्हणून हळू सोडायचं. ओठ बारीक करून, गरम चहावर फुंकर घालतो तसं. घ्यायला दोन, सोडायला चार.”

त्यानं फुंकर घातली. तीन सेकंदांत संपली आणि खोकला आला.

“चहावर म्हातारी माणसं फुंकर घालत नाहीत,” तो म्हणाला. “आम्ही तो गार होऊ देतो.”

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी ती शेजारच्या घोडीला पाण्यावर नेत होती. घोडी ओढ्यात तोंड घालत नव्हती. कुंपणाशी बसलेला शायलोबेक वैतागला, आणि बसल्या जागेवरून त्यानं ओठांचा चंबू करून शीळ सोडली. सूर असा काही नाही. गुराख्यांची ती एकसुरी, लांब, अर्धी वाऱ्याची शीळ, जी ऐकली की घोडा मान खाली घालून पाणी पितो. घोडी प्यायला लागली. बेगायिमनं घड्याळाकडे पाहिलं. सहा सेकंद.

“अताके! हेच! हेच फक्त आवाज न करता.”

“हे?” तो म्हणाला. “हे तर आकेनं, थोरल्यानं, शिकवलंय मला. मी पाच वर्षांचा होतो.” मग पाण्याकडे बघत म्हणाला, “तो कायम पुढे. मला त्याच्या तोंडापेक्षा त्याची पाठच जास्त ओळखीची.”

तिथून काम सुरू झालं. अंगणात पंचवीस मीटरवर तिनं दोन दगड ठेवले. त्यांच्यामध्ये सहा मिनिटं जायचं-यायचं. बोटाला चिमटा, रक्तातला प्राणवायू मोजायला. शेवटी तिचे दोन प्रश्न असत: दम किती लागला, शून्य ते दहा? पाय किती थकले, शून्य ते दहा? पहिल्या दिवशी तो चिडला. “दम आणि पाय वेगळे कसे? माणूस थकतो म्हणजे अख्खा थकतो.” पण तो खाणीतला माणूस होता, मोजमापाची चेष्टा करणारा नव्हता. त्यानं डोळे मिटून विचार केला. “दम आठ,” म्हणाला. “पाय... चारच असतील. चमत्कारिक आहे.”

एकशे चाळीस मीटर, दम आठ, पाय चार. तिनं वहीत लिहिलं. अडत होतं ते पायांत नव्हतं.

दोन पावलं नाकानं घ्यायचं, चार पावलं घोड्याच्या शिळेनं सोडायचं. चढावर दोनाला तीन. दम वाढला की वेग कमी करायचा, सोडणं नाही. चिमट्यावरचा आकडा अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला की ती म्हणायची, “दम घ्या, अताके.” आणि तो काठीवर दोन्ही हात टेकून, थोडा वाकून, सोडत राहायचा. दिवसातून दोनदा चालणं, दोनदा कुरुतची पिशवी. पिशवी आता मजेत वरखाली होई, पण रोज हलकीही होत होती. सायराकुलनं एक दिवस ती हातात तोलली. “छान उपचार आहेत. औषध पोटावरनं पोटात चाललंय.”

तीन आठवड्यांनी आकडे असे होते: एकशे ऐंशी मीटर, दम पाच, पाय सहा.

“हे बघ,” शायलोबेक कुरकुरला. “पाय आधी बरे होते. तू ते बिघडवलेस.”

“नाही, अताके. आधी दम त्यांना कामच करू देत नव्हता. आता पाय थकेपर्यंत तुम्ही चालता.”

चिमट्यावरचा आकडा मात्र जवळपास तोच होता. आधी अठ्ठ्याऐंशी, आता एकोणनव्वद. तिनं तेही सांगितलं, कारण त्याला खोटी आशा द्यायची नव्हती. फुप्फुसं तीच होती. बदलली होती ती फक्त भीती, आणि कोंडलेल्या हवेला मिळालेली वाट. पळणाऱ्या मुलींच्या बाबतीतही तिचा निष्कर्ष एवढाच होता, आणि परीक्षकांनी विचारलं होतं, “बस, एवढंच?”

त्या संध्याकाळी दगडावर बसून, तिच्याकडे न बघता, समोरच्या डोंगराला सांगावं तसं शायलोबेक बोलला. दोन वर्षांमागे आकेनं उन्हाळी कुरणावरून निरोप धाडला होता, ये, चार दिवस राहा, घोडीचं दूध उतरलंय. यानं कळवलं, गवत कापायचंय. मग आके स्वतःच उतरून आला आणि बघतो तर हा गवताच्या वाटेवर अर्ध्यात दगडावर बसलेला, हातात कोयताही नाही. आकेनं नुसतं बघितलं. घोडा वळवला. पुढे लोकांत एकदा म्हणाला, ‘माझ्या भावाला खाणीत राहून डोंगर चढायची लाज वाटते.’

“लाजच होती,” शायलोबेक म्हणाला. “पण डोंगराची नव्हती. ते त्याला सांगायचं राहिलं.”

एक गोष्ट बेगायिमला करून बघायची होती आणि ती करता येत नव्हती. टाहो. चालताना मोठ्यानं ‘बोरूम ओय’ म्हणायचं: माझ्या काळजा रे. काळजाला आणि पाठच्या-पुढच्या सख्ख्या भावाला त्यांच्यात शब्द एकच. तिनं कागदावर मांडून पाहिलं: टाहो म्हणजे लांबवलेला उच्छ्वासच की! चार पावलांचा एक टाहो, दोन पावलांचा श्वास. ओठांऐवजी गळा हवा रोखून धरेल. हिशेब बरोबर येत होता. पण आवाज चढला, हुंदका आला, तर? एकदा तरी करून बघायला हवं होतं. तिनं नुसता विषय काढला, तर सायराकुलच्या हातातला झारा तिच्या अंगावर यायचा राहिला.

“घरात कोणी मेलेलं नसताना टाहो फोडायचा? कोणाला बोलावतेस? ऐकणारा बहिरा नाहीये!”

शायलोबेकही म्हणाला, “ते नको, बाळ. तेव्हाचं तेव्हा.”

मग तो प्रयोग राहिला. आदल्या दिवशी ती बोर्सोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळायला वरच्या वाडीत गेली, तेव्हा वाटेच्या कडेला दर तीस पावलांवर तिनं एकेक पांढरा दगड ठेवला. यूर्तच्या अलीकडे पाच दगड. “प्रत्येक दगडापाशी दम घ्यायचा,” तिनं घरी येऊन सांगितलं. “गरज नसली तरी. पाच श्वास.”

“आणि लोक?”

“लोकांना वाटेल, दुःख अनावर झालं.”

“तुला बरंच कळतं,” सायराकुल म्हणाली. पहिल्यांदाच त्यात टोमणा नव्हता.

चाळिसाव्याला ऊन होतं आणि वारा बोचरा. ओढ्याच्या कडेला बर्फाची काच धरली होती. बायका घराच्या मागच्या वाटेनं आधीच वर गेल्या. पुरुषांबरोबर फाटकातून जायची त्यांची रीत नाही. बेगायिम यूर्तच्या बाजूला, कढयांच्या धुरात, हातात वाट्यांची चळत घेऊन उभी राहिली. तिथून वाट दिसत होती. यूर्तच्या आत थोरली आपा बात्मा, तोक्तोसुनची बायको, भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि बायकांचं रडगाणं एका संथ लयीत चाललं होतं. बाहेर रिसबेक आणि त्याचे दोन भाऊ काठ्यांवर रेलून उभे.

शायलोबेक फाटकाशी गाडीतून उतरला. नवा कोट, पांढरी कल्पाक टोपी, हातात जर्दाळूच्या लाकडाची काठी. त्यानं एकदा वर पाहिलं.

मग त्याचा आवाज आला.

“बोरूम ओsssय!”

बेगायिमनं वाट्यांची चळत घट्ट धरली. हा आवाज तिनं या माणसाकडून कधीच ऐकला नव्हता. सहा आठवडे, की दोन वर्षं, की सगळी बावीस वर्षं छातीत दाबून ठेवलेलं एकदम बाहेर आलं होतं. खालच्या वाडीतले कुत्रे भुंकायला लागले. वरून रिसबेकनं उत्तर दिलं, “अताम ओsssय!” म्हणजे माझ्या बापा रे, आणि त्याच्या भावांनीही.

तिनं मोजायला सुरुवात केली. पहिला दगड. तो थांबला नाही. पुढच्या टाहोला त्यानं श्वास पुरता सोडायच्या आतच वर ओढला. चाळिसावं पाऊल, पन्नासावं. “बोरूम ओय! पोचलो नाही रे! बोरूम ओय!” शब्द तुटायला लागले. दुसरा दगड. दगडाकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो यूर्तकडे बघत होता, जणू तिथून कोणीतरी पुढे निघून जात होतं आणि गाठायला हवं होतं. पाऊल उलट झपाझप पडत होतं. सत्तर. पंच्याहत्तर. आता टाहोला आवाज नव्हता, नुसतं तोंड उघडत होतं. गळ्याच्या शिरा तिला इतक्या लांबून दिसत होत्या. हवा आत, हवा आत, आणखी आत. पाहुण्यांनी भरलेलं घर. ओठ जांभळाच्या रंगाचे.

“दम घ्या, अताके,” ती पुटपुटली. मग मोठ्यानं म्हणाली. पण ते दोन शब्द मऊ होते. रडण्याच्या आणि वाऱ्याच्या गदारोळात दोन हातांवरच विरून गेले. शायलोबेकची काठी घसरली. त्यानं ती सावरली आणि पुन्हा पुढे झुकला.

बेगायिमच्या हातातल्या वाट्या खाली पडल्या.

“तोक्तो!” ती ओरडली. “तोक्तोsss!”

सगळं थांबलं. रिसबेकचा टाहो मधेच तुटला. यूर्तमधलं रडगाणं बंद झालं. कढईपाशी कोणीतरी चमच्यासकट हात तोंडावर नेला. एका सुनेनं, भर चाळिसाव्याला, मेलेल्या चुलतसासऱ्याला एकेरी हाक मारली होती.

वाटेवर शायलोबेक थांबला होता.

तो तिच्याकडे बघत नव्हता. वरच बघत होता, यूर्तकडे. मग त्यानं दोन्ही हात काठीवर टेकले, वाकला, आणि त्या शांततेत सगळ्यांना ती ऐकू आली: आवाज नसलेली लांब शीळ. घोड्याला पाणी पाजायची. एक. पुन्हा नाकानं आत, पुन्हा शीळ. दोन. फाटकाशी बांधलेल्या घोड्यांपैकी एकानं मान खाली घातली. तीन. चार. बेगायिम वाट्यांच्या तुकड्यांत उभी राहून मोजत होती. पाच. ओठांवरचं जांभळं थोडं उतरलं. त्यानं आणखी चार घेतले, तिनं न सांगितलेले.

मग तो निघाला. ओरडत नव्हता. हलक्या, खोल आवाजात, चार पावलांना एक, “बोरूम ओय”, आणि दोन पावलं गप्प. चार पावलं, दोन पावलं. तिसरा दगड, थांबला. चौथा, थांबला. कोणीही घाई केली नाही. वरून रिसबेकनं तीच लय धरली, तितक्याच हलक्या आवाजात, आणि त्याच्या भावांनीही. एरवी टाहो म्हणजे ज्याचा त्याचा आकांत. त्या दिवशी चार पुरुष एका श्वासात रडत होते. पाचवा दगड. एकशे ऐंशीचा तिचा हिशेब चुकला. त्याची पावलं लहान पडली, दोनशे अकरा झाली. तो पुतण्यांच्या गळ्यात पडला तेव्हा त्याच्यात बोलण्याइतकी हवा शिल्लक होती.

“आलो,” तो म्हणाला.

मांस वाटून झालं, कुराण वाचून झालं. दुपार कलली तेव्हा बेगायिमला आत बोलावणं आलं. यूर्तमध्ये बायका दाटीनं बसल्या होत्या. सायराकुल अंग चोरून कडेला.

“बाहेर कोण ओरडलं?” थोरल्या आपानं विचारलं. तोंड भिंतीकडेच.

“मी, थोरल्या आपा.”

“शहरातली आहे ती,” सायराकुल घाईघाईनं म्हणाली. “तिच्या अताकेंसाठी म्हणून तोंडातून गेलं. शब्दच तसला आहे मेला...” आणि मग आपण ‘मेला’ म्हटलं हे कळून तिनं जीभ चावली.

थोरली आपा वळली. चाळीस दिवसांत तिचा चेहरा वाळून कुरुतसारखा झाला होता.

“एकावन्न वर्षं,” ती म्हणाली, “मी त्या माणसाला ‘अहो, इकडे’ एवढंच म्हटलं. बर्फात मेंढ्यांमागे जायचा. मी दारात उभी. वारा असा की ‘अहो इकडे’ अंगणातच पडायचं. नाव गळ्यापर्यंत यायचं. गिळायची.” तिनं रिकामी वाटी पुढे केली, बेगायिमनं ती भरली. “आवाज चांगला आहे तुझा. लांब जातो.”

तिनं चहाचा घोट घेतला.

“वाट्या किती फोडल्यास?”

“सहा, थोरल्या आपा.”

“उरलेल्या तू घास. शिक्षा नको का काहीतरी?”

कोपऱ्यातून एक म्हातारी खुदकन हसली, आणि लगेच डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं डोळे पुसायला लागली.

उतरताना शायलोबेक जीप नको म्हणाला. उतार आहे, जाईन. रिसबेक फाटकाशी गाडी घेऊन उभा राहिला. सायराकुल पुढे गेली, आणि बेगायिम रीतीप्रमाणे सासऱ्याच्या दोन पावलं मागे चालली. तिसऱ्या दगडापाशी तो थांबला. दम लागला नव्हता. तरी थांबला.

“दम सात होता,” तो पुढे बघत म्हणाला. “मधे नऊ. पाय पाच. लिहून घे.”

“हो, अताके.”

“तू काय ओरडलीस?”

तिचे कान तापले. “दम घ्या, म्हणाले मी.”

“ते नाही ऐकू आलं.”

त्यानं काठीनं पांढरा दगड थोडा सरळ केला.

“आम्ही लहान असताना आके पुढे पळायचा. माझ्या पायांत तेवढं बळ नव्हतं. मी रडायला लागलो की आई अंगणातनं ओरडायची. हेच. एवढंच. नावही तेच आणि हुकूमही तोच.” त्यानं नाकानं श्वास घेतला, शीळ सोडली. “मग तो थांबायचा. डोंगर कितीही बाकी असू दे. मी पोचेपर्यंत तसाच उभा.”

खाली रिसबेकनं जीपचा दरवाजा उघडला. शायलोबेकनं मान वळवून एकदा वर बघितलं. यूर्तच्या बाहेर आता कोणी नव्हतं. नुसत्या तीन काठ्या टेकवून ठेवलेल्या होत्या.

“आजही होता,” तो म्हणाला, आणि चार पावलांना एक श्वास सोडत उतरायला लागला.